मंगळवारचं जाकीट

मास्तर माणूस म्हणून कसे, असं कुणी मला विचारलं की मी आधी एक मोठा सुस्कारा सोडते आणि मग म्हणते, "चांगले आहेत, पण डोक्याला ताप आहेत." यातलं 'चांगले' मला फार उशिरा कळलं. ताप पहिल्याच दिवशी कळला होता.

त्या दिवशी मी कंपनीचं नवंकोरं निळं जाकीट घालून दुकानात उभी होते. कंपनी म्हणजे कॉम्प्युटर बनवणारी, आणि दुकान म्हणजे टीव्ही, फ्रिज, पंखे, मिक्सर, इस्त्र्या असं सगळं विकणारं तीन मजली दुकान. दोघांचा नुकताच करार झाला होता. पहिल्या मजल्यावरचा जिन्यालगतचा कोपरा कंपनीला मिळाला. तिथे निळा गालिचा, उंच टेबलं, टेबलांवर तारेनं बांधून ठेवलेली सहा मशिनं, आणि मी. कोपरा कंपनीचा, जमीन दुकानाची, वीज दुकानाची, दिवे कंपनीचे, आणि मी एका एजन्सीची, जी या दोघांपैकी कुणाचीच कुणी नव्हती. दुकानातले लोक मला 'कंपनी' म्हणायचे. "ए कंपनी, चहा घेणार का?" कंपनीतले लोक फोनवर मला 'सव्वीस नंबर' म्हणायचे, कारण त्यांच्या यादीत आमचं दुकान सव्विसावं होतं. माझं खरं नाव बिल्ल्यावर होतं. ते वाचायची तसदी कुणी घेत नसे.

मला हवं होतं ते एवढंच, की कायम व्हावं. एजन्सीच्या कागदावर लिहिलं होतं की बारा महिने काम चोख झालं तर तेराव्या महिन्यात कंपनी स्वतःकडे घेईल. कायम झालं की आईवडिलांचं नाव कंपनीच्या औषधोपचारांच्या योजनेत घालता येतं. माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. दर मंगळवारी मी त्यांना दवाखान्यात न्यायचे. तिथल्या बाई त्यांच्याकडून हात वर करायचा व्यायाम करून घ्यायच्या, आणि हात खांद्यापर्यंत गेला की बाबा माझ्याकडे असं बघायचे, जणू परीक्षेत पहिले आले. तर सुट्टी मंगळवारची हवी होती आणि नोकरी कायमची हवी होती. यापलीकडे मी काही मागत नव्हते.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, एक मध्यमवयीन बाई. मी हसून, शिकवल्याप्रमाणे, तीन वाक्यं म्हणायला घेतली. ही तीन वाक्यं आमच्याकडून दोन दिवस घोकून घेतली होती, आणि त्यातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी गुण जातात असं बजावलं होतं. माझं दुसरं वाक्य चालू असताना इस्त्र्यांच्या फळीमागून एक उंच, वाळलेले, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ आले. हातात स्टूल. ते त्यांनी माझ्या नव्या गालिच्यावर ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "बसा आधी. उभ्यानं काय कळणार?"

आमच्या शिकवणीत स्पष्ट सांगितलं होतं की उभं गिऱ्हाईक लवकर ठरवतं. म्हणून तर टेबलं उंच आणि कोपऱ्यात एकही खुर्ची नाही. पण बाई बसल्या. मास्तरांनी एक मशीन ओढून त्यांच्या पुढ्यात घेतलं, तारेला ताण बसून पाठीमागचा भोंगा वाजायला लागला, तो त्यांनी शांतपणे बंद केला आणि म्हणाले, "चार ओळी टाईप करा. काय वाटेल ते." मग त्यांनी विचारलं, घरी कोण वापरणार, कुठे ठेवणार, आणि आधीच्याचं काय बिघडलंय. आधीचं हळू चालतं, असं बाई म्हणाल्या.

"किती वर्षांचं आहे?"

"चार असतील."

"मग नवं कशाला घेता? मेमरी वाढवून घ्या. अजून तीन वर्षं चालेल."

बाई आभार मानून गेल्या. मी तोंड उघडं टाकून उभी होते. माझं तिसरं वाक्य तोंडातच राहिलं होतं.

"अहो, तुम्ही कोण?" मी विचारलं. आवाज चढला होता, हे कबूल करते.

"मी इथला," ते म्हणाले. "आणि तुमचं मनगट फार खाली असतं टाईप करताना. दुखेल पुढे." स्टूल उचलून ते इस्त्र्यांकडे निघून गेले.

मास्तर हे काही त्यांना गमतीनं पडलेलं नाव नव्हतं. ते खरोखरच टायपिंगच्या क्लासचे मास्तर होते. अठ्ठावीस मशिनं, सकाळी साडेसहापासून बॅचेस, भिंतीवर दहा बोटांचा तक्ता. तो क्लास बंद पडला तेव्हा ते या दुकानात आले आणि चौदा वर्षं त्यांनी कॉम्प्युटरचा विभाग एकट्यानं सांभाळला. सगळ्या कंपन्यांची मशिनं एका ओळीत, पुढे पाच स्टुलं. मग आमचा करार आला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं होतं की कंपनीच्या कोपऱ्यात दुकानाच्या माणसानं विक्री करू नये आणि दुकानाच्या फळ्यांवर कंपनीच्या माणसानं लुडबुड करू नये. मालकांनी मास्तरांना इस्त्र्या आणि मिक्सर दिले. पाचपैकी चार स्टुलं माळ्यावर गेली. एक त्यांनी लपवून ठेवलं होतं, आणि दिवसातून तीनदा ते माझ्या गालिच्यावर यायचं.

मी भांडले, विनवण्या केल्या, एकदा तर स्टूल स्वच्छतागृहात नेऊन ठेवलं. काही उपयोग नाही. शेवटी हात टेकले. गिऱ्हाइकाशी गोड बोलून मी त्याला घेण्याच्या काठावर आणायची आणि मास्तर पलीकडून जाता जाता म्हणायचे, "घरी लहान मूल आहे का? मग हे नका घेऊ, याचा स्क्रीन नाजूक आहे." ते आमच्याच मशीनबद्दल असं बोलायचे असं नाही. इस्त्री घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा ते सांगत, "वायर बदला, इस्त्री चांगली आहे तुमची." माणूस विकायला उभा आहे की मोडता घालायला, हेच कळत नसे.

आणि करारातले दोन पक्ष! त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या कोपऱ्यातला एक दिवा गेला. दिवा कंपनीचा म्हणून मी कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, दिवा आमचा, पण होल्डर दुकानाचा, होल्डर खराब असेल, दुकानाला सांगा. दुकानाचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, होल्डर ठणठणीत आहे, पण त्यात हात घालायला कंपनीची लेखी परवानगी लागेल. लेखी परवानगी मागायचा अर्ज एजन्सीमार्फत जायचा होता आणि एजन्सीचा माणूस गावाला गेला होता. अकरा दिवस मी अर्ध्या अंधारात हसतमुख उभी होते. बाराव्या दिवशी मास्तरांनी विक्रीच्या फळीवरचा एक दिवा घेतला, त्याची नोंद स्वतःच्या नावावर केली, स्टुलावर चढले आणि लावून टाकला. "आता कुणाला सांगू नका," म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाशी भांडण जरा कमी करावं.

मंगळवारची भानगड त्यानंतरच सुरू झाली. माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस पाठवायची जबाबदारी एजन्सीची होती. तो एकदाही आला नाही. पण कोपरा रिकामा दिसला तर लाल शेरा माझ्या नावावर. तीन लाल शेरे म्हणजे कायम होणं विसरा. दोन पडले तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. सुट्टी रद्द करावी तर बाबांचा हात. बुधवारी मी कोपऱ्यात रडकुंडीला येऊन उभी होते. मास्तर आले आणि म्हणाले, "जाकीट ठेवून जात जा मंगळवारी. मी उभा राहीन."

"चौथं कलम?"

"जाकीट घातल्यावर मी दुकानाचा माणूस कुठे राहिलो?"

असं ते जाकीट दर सोमवारी संध्याकाळी मी खुंटीला अडकवू लागले. खिशाला माझा बिल्ला, कारण बिल करताना त्यावरचा नंबर घालावा लागतो. मास्तर बिल्ला उलटा लावत. दुसऱ्याच्या नावानं उभं राहणं त्यांना बरं वाटत नसे. बुधवारी जाकीट खुंटीला परत असे, धुतलेलं आणि कडक इस्त्री केलेलं.

एका बुधवारी ते खुंटीला नव्हतं. मास्तरही अजून दुकानात आले नव्हते. मी चडफडत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. आत त्यांच्या बायको कॉटवर घोंगडं पसरून माझं जाकीट इस्त्री करत होत्या. खिडकीत एक जुना टाईपरायटर, त्यावर पलंगपोसाचा तुकडा.

"बस गं. मास्तर आंघोळीला गेलेत," त्या म्हणाल्या. "कसे वागतात दुकानात?"

काय सांगणार? मी म्हटलं, "गिऱ्हाइकांना परत पाठवतात."

"घरी तरी काय वेगळं आहे?" त्यांनी इस्त्री उभी केली. "क्लास कशानं बंद पडला, ठाऊक आहे? लोक म्हणतात, कॉम्प्युटर आले म्हणून. अगं, बाकीचे क्लासवाले त्यानंतर आठ-आठ वर्षं चालले! हे मात्र नाव घालायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, 'हे शिकून आता नोकरी मिळणार नाही, उगाच वेळ घालवू नका.' मी आतून ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. म्हटलं, एखाद्याला तरी खोटं सांगा, घर चालायचंय. तर म्हणाले, प्रयत्न केला गं, पण जीभ वळत नाही."

"मग?"

"मग काय! शेवटच्या बॅचला दोघं होते. तेही यांच्यावर जीव टाकायचे म्हणून यायचे." जाकीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यांना हसू येत होतं की राग, ते मला ओळखता आलं नाही. मला मात्र दोन्ही आलं.

आता खरी गंमत सांगते, म्हणजे तेव्हा ती मला गंमत वाटली नव्हती. महिनाअखेरीला मी माझ्या नंबरवरच्या विक्रीची यादी काढली. सोमवारी तीन मशिनं, बुधवारी दोन, गुरुवारी चार. मंगळवारी अकरा. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. आठवड्याचे सहा दिवस मी हसून हसून गाल दुखवायची, आणि एका दिवशी तो मोडता घालणारा माणूस उलटा बिल्ला लावून माझ्यापेक्षा जास्त विकायचा. मेमरी वाढवा म्हणून ज्यांना त्यांनी परत पाठवलं होतं, ते चार महिन्यांनी भाऊ, मेहुणा, शेजारी यांना घेऊन यायचे आणि विचारायचे, "ते स्टुलावर बसवणारे कुठे आहेत? मंगळवारी? बरं, मग मंगळवारी येतो." माझ्या तोंडावर असं सांगून जायचे! आणि हे सगळं माझ्या नावावर जमा होत होतं. माझी सुट्टी कोणत्या वारी, हे दुकान ठरवतं. विक्रीचा आकडा कंपनी बघते. दोघांनी एकमेकांचे कागद कधी बघितले नाहीत. मीही गप्प बसले. बारा महिने भरायला चारच उरले होते.

अकराव्या महिन्यात गुप्त ग्राहक येणार असल्याची बातमी आली. गुप्त ग्राहक म्हणजे कंपनीनंच पाठवलेला माणूस. तो साध्या गिऱ्हाइकासारखा येतो, तुम्ही तीन वाक्यं म्हणता की नाही, जादा वॉरंटी सुचवता की नाही, हे बघतो आणि जाऊन गुण देतो. तो कोण ते कळू नये अशी अपेक्षा असते, पण आमच्या दुकानात प्रत्येकाला त्याची ओळख पटल्याची खात्री होती. टीव्हीवाला म्हणाला, त्याचे बूट नवे असतात. फ्रिजवाली म्हणाली, तो किंमत विचारत नाही. त्या आठवड्यात नव्या बुटाच्या, किंमत न विचारणाऱ्या एका गृहस्थांना मी तिन्ही वाक्यं दोनदा ऐकवली, सहाही मशिनं दाखवली, पाणी दिलं. शेवटी ते संकोचून म्हणाले की आपण बायकोची वाट बघतोय, ती खाली पंखे बघतेय. मास्तर इस्त्र्यांपलीकडून हसले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गुप्त ग्राहक आला तो मंगळवारी. दुसरा कोणता वार त्याला मिळाला नाही.

अहवाल आठवड्यानं आला. शंभरपैकी एकोणीस. कंपनीचे विभागाचे साहेब तो घेऊन स्वतःच आले, आणि टीव्हीच्या मागच्या खोलीत मालक, साहेब, मी आणि मास्तर, असे आम्ही चौघं खोक्यांमध्ये अंग चोरून उभे राहिलो. साहेब वाचत गेले. प्रतिनिधीनं ठरलेल्या तीन वाक्यांपैकी एकही म्हटलं नाही. ग्राहकास स्टुलावर बसवलं. ग्राहकाकडून एक पानभर टाईप करून घेतलं व मनगट उचलण्याची सूचना केली. जादा वॉरंटीबद्दल विचारलं असता 'घेऊ नका, पहिल्या वर्षात बिघडलं नाही तर सहसा बिघडत नाही' असं उत्तर दिलं. प्रतिनिधी पुरुष, वय अंदाजे अठ्ठावन्न. बिल्ला उलटा होता. त्याबद्दल विचारलं असता प्रतिनिधी म्हणाला, 'बिल्ला माझा नाही, जाकीटही माझं नाही. सल्ला माझा आहे.'

एरवी मी हसले असते. तेव्हा मी जाकिटावरचा बिल्ला चाचपत राहिले.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" साहेबांनी मला विचारलं.

"सुट्टीवर," मी म्हटलं.

"मग कंपनीचं जाकीट दुकानाच्या माणसाच्या अंगावर कुणी दिलं?"

इथे मी बोलायला हवं होतं. मी दिलं, दर सोमवारी, आठ महिने, कारण तुमचा बदली माणूस येत नाही, कारण तुम्ही दोघं एका दिव्यासाठी अकरा दिवस घेता. एवढं सगळं माझ्या तोंडाशी आलं. आणि त्याबरोबर बाबांचा खांद्यापर्यंत आलेला हातही डोळ्यांपुढे आला.

"मी घेतलं," मास्तर म्हणाले. "खुंटीवरून. यांना ठाऊक नव्हतं."

"का घेतलंत?"

मास्तरांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, परत कपाळावर चढवला. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "थंडी वाजत होती," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी यापेक्षा गचाळ खोटं ऐकलेलं नाही. दुकानातला एसी तेव्हा दोन आठवडे बंद होता. मालकांना ते ठाऊक होतं, त्यांनीच दुरुस्ती लांबवली होती. तरी त्यांनी मान डोलावली. साहेबांना एक नाव हवं होतं ते मिळालं, मालकांना करार वाचवायचा होता तो वाचला, आणि मला जे हवं होतं ते शाबूत राहिलं. मी खाली बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना तळघरातल्या गोदामात पाठवलं. खोकी मोजायची, त्यावरच्या बारकोडच्या पट्ट्या मशीननं टिपायच्या, गिऱ्हाइकाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

मी त्यांच्यावर इतकी चिडले की चार दिवस गोदामाच्या जिन्याकडे फिरकले नाही. कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? सगळ्या जगाला तोंडावर खरं सांगत फिरायचं, आणि नेमकं मला बोलता आलं असतं तिथे मध्ये तोंड घालायचं! असं मी घरी आईला म्हटलं. आई बाबांची औषधं गोळा करत होती. ती म्हणाली, "तुला बोलता आलं असतं, तर बोलली असतीस." पाचव्या दिवशी गोदामात गेले. मास्तर इस्त्रीच्या खोक्यांवरची धूळ पुसत होते. मला बघून म्हणाले, "कायम झालात की पेढे नकोत, मला गोड चालत नाही." बस. त्या विषयावर आम्ही एवढंच बोललो.

तेराव्या महिन्यात कंपनीच्या मोठ्या कचेरीतून बोलावणं आलं. चाळीस दुकानांतले चाळीस प्रतिनिधी, सगळे निळी जाकिटं घातलेले, एका सभागृहात. पुढच्या टेबलावर लांबट पाकिटांचा गठ्ठा होता. कायम झाल्याची पत्रं. त्याआधी निवडक प्रतिनिधींनी आपला अनुभव सांगायचा होता, आणि त्या निवडकांत मी होते. का, ते मला पुढे गेल्यावर कळलं. मुख्य कचेरीतल्या एक मॅडम उत्साहानं उठल्या आणि पडद्यावर वर्षभराच्या विक्रीचा तक्ता आला. चाळीस दुकानं, सात वार. सगळ्यांच्या मंगळवारची पट्टी ठेंगणी, कारण मंगळवारी कुणी खरेदीला बाहेर पडत नाही. सव्वीस नंबरची मात्र सरळ छताकडे निघाली होती.

"अख्ख्या विभागात असा मंगळवार कुणाचा नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची पद्धत आम्ही सगळ्या दुकानांत लागू करणार आहोत. सांगा, मंगळवारी तुम्ही नेमकं काय वेगळं करता?"

चाळीस लोकांनी वह्या उघडल्या. पहिल्या रांगेत विभागाचे साहेब बसले होते. त्यांनीही पेन काढलं.

मी तयारी करून गेले होते, हे सांगायला हवं. अनुभव सांगायचा म्हणून तीन मुद्दे कागदावर उतरवले होते. हसतमुख स्वागत, ठरलेली वाक्यं, वस्तूची पूर्ण माहिती. मी पहिला मुद्दा म्हणाले. झकास जमला. आवाज स्वच्छ, कुठे अडखळले नाही. दुसरा म्हणतानाच माझा हात सहज कानाकडे गेला. कान गार होता. मास्तरांना तीन शब्दांचं खोटं बोलताना कानापर्यंत रक्त चढलं होतं, आणि मी इथे चाळीस लोकांपुढे घडाघडा बोलत होते आणि माझं काहीच होत नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली. मी कागद खाली ठेवला.

"मंगळवारी माझी सुट्टी असते," मी म्हटलं.

लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद. मग मी सगळं सांगितलं. जाकीट, उलटा बिल्ला, स्टूल, परत पाठवलेली गिऱ्हाइकं आणि त्यांनी आणलेले मेहुणे. थंडीही सांगितली. साहेबांची मान हळूहळू जाकिटाच्या कॉलरमध्ये गेली. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी विचारलं तर काय, तर "मग त्या स्टुलाची उंची किती होती?" कंपनी आणि दुकानाचा तो करार कसल्या डोक्यातून निघाला असेल, ते मला तेव्हा समजलं.

पत्रं वाटली गेली. माझं नाव पुकारलं नाही. दारात साहेब भेटले. "आणखी सहा महिने बघू," म्हणाले. बघू म्हणजे काय, कोण बघणार आणि काय बघणार, हे मी विचारलं. ते म्हणाले, ते एजन्सीला विचारा.

मी तशीच दुकानात आले आणि सरळ तळघरात उतरले. मास्तर पट्ट्या टिपायचं मशीन हातात घेऊन खोक्यांमध्ये उभे होते. माळ्यावरची चार आणि स्वतःचं एक, अशी पाचही स्टुलं त्यांनी इथे आणून ठेवली होती, कुणासाठी कोण जाणे.

"मिळालं का पत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, त्यांनी बसा म्हटलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी मशीन खोक्यावर ठेवलं, चष्मा डोळ्यांवर ओढला. इतक्या महिन्यांत मी त्यांना गिऱ्हाइकांमुळे वैतागलेलं बघितलं नव्हतं, मालकांमुळे नाही, इस्त्र्यांमुळे नाही, माझ्यामुळेही नाही. आता त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते.

"काय बाई आहात तुम्ही!" मास्तर ओरडले. "अठ्ठावन्न वर्षांत एकदाच खोटं बोललो. ते एक तरी टिकू द्यायचं होतंत!"